डिग्री मेकॅनिकलची, काम शाळेच्या नळांचं!

इंजिनिअरिंग केलं आणि आता दुसरंच काही करायचंय? मग पहिला प्रश्न ठरलेला : ती चार वर्षं वाया गेली का? उत्तर 'नाही' असंच आहे. पण ते समोरच्याला पटवून देता यायला हवं.

मावसभावाचं लग्न होतं. जेवणं चालली होती. मामांनी जिलेबी वाढणाऱ्याला हातानेच थांबवलं आणि मला विचारलं, "काय गं, तू मेकॅनिकल इंजिनिअर ना? मग शाळाशाळांत नळ मोजत कशाला हिंडतेस?"

आजूबाजूचे हसले. मीही हसले. आई मात्र ताटाकडे बघत राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "तू काय करतेस ते मला एकदा नीट सांग. मलाच कळत नाही, तर मी लोकांना काय सांगू?"

खरं सांगायचं तर तेव्हा मलाही ते धड सांगता येत नव्हतं. चार वर्षं इंजिनिअरिंग. मग तीन वर्षं चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. आणि आता आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृहं यांचं काम. या सात वर्षांतलं सोबत काय आलं आणि मागे काय राहिलं?

तुमच्यातले अनेकजण आत्ता याच प्रश्नापाशी अडकले असतील. कुणी थर्ड इयरला आहे आणि आपला जीव मशीनमध्ये रमत नाही हे कळून चुकलंय. कुणाला कोअर ब्रँचमध्ये जॉबच मिळत नाहीये. कुणाला शिकवायचंय, कुणाला शेती करायचीये, कुणी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हॉस्टेलच्या गादीखाली ठेवलंय. आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच हिशेब : एवढी फी भरली, एवढी सबमिशन्स केली, ते सगळं पाण्यात?

टीमवर्क, लीडरशिप... बरं, पुढे?

नोकरी बदलायची ठरवल्यावर मी पहिला इंटरव्ह्यू दिला तो एका सामाजिक संस्थेत. सीव्हीवर झोकात लिहिलं होतं : प्रॉब्लेम सॉल्व्हिंग, टीमवर्क, लीडरशिप, कम्युनिकेशन.

समोरच्या बाईंनी कागद बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे चार शब्द सकाळपासून आलेल्या प्रत्येकाच्या कागदावर आहेत. तुम्ही सोडवलेला एक प्रॉब्लेम सांगा. अगदी पहिल्यापासून."

मी 'प्रोसेस इम्प्रूव्हमेंट' असं काहीतरी पुटपुटले. पुढे गाडी सरकेना. तो जॉब मिळाला नाही, आणि मिळायलाही नको होता.

परतताना एसटीत मला शुक्रवारचे पीस आठवले.

आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला एका सीएनसी मशीनवरचे सुरुवातीचे पीस मापात बसायचे नाहीत. टॉलरन्स होता अधिक-उणे 0.02 मिलिमीटर. तासाभरानंतर सगळं आपोआप ठीक व्हायचं. सगळे म्हणायचे, ऑपरेटर आळशी आहे, सुट्टीनंतर लक्ष नसतं त्याचं. मी तीन आठवडे पहिल्या तासातल्या प्रत्येक पीसचं माप वेळेसकट वहीत लिहिलं. माप उड्या मारत नव्हतं, हळूहळू एकाच दिशेने सरकत होतं. माणसाची चूक अशी रांगेत येत नाही. मग मशीनवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, थंडीत गाडी पहिल्या किकला सुरू होते का? मशीन गार असतं. पण मला कुणी विचारलंच नाही." स्पिंडल तापेपर्यंत मापात फरक पडत होता. उपाय साधा निघाला. पहिला पीस लावायच्या आधी मशीन वीस मिनिटं मोकळं फिरवायचं.

पुढच्या इंटरव्ह्यूत मी एवढंच सांगितलं. सीएनसी म्हणजे काय हे तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तरी गोष्ट सगळ्यांना कळली. जॉब मिळाला.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपलं कौशल्य विशेषणांत दिसत नाही, ते केलेल्या एखाद्या कामात दिसतं. आणि ते काम सांगताना मशीनचं नाव काढून टाकलं तरी जे उरतं, ते आपल्यासोबत कुठेही येतं.

आधीचे लोक काय घेऊन गेले?

हा रस्ता काही आपण पहिल्यांदा तुडवत नाही आहोत. आपल्या आसपासच बघा.

विलासराव साळुंखे इंजिनिअर. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा त्यांचा कारखाना होता. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातली अवस्था बघून ते पाण्याच्या कामात शिरले. नायगावला देवस्थानची उजाड जमीन भाडेपट्ट्यावर घेऊन त्यांनी पावसाचं पाणी अडवण्याचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम बघा. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरणार नाही, घरातल्या माणसांवर ठरेल. भूमिहीनांनाही हक्क. उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. पाणी किती, माणसं किती, माणशी किती, हा तो हिशेब. समोर काय आहे ते आधी मोजायचं आणि मगच वाटायचं, ही सवय कारखान्यातही लागतेच. त्या हिशेबात न्यायाची बाजू त्यांनी जोडली, हे त्यांचं मोठेपण.

अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून 1975 साली इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्कोत लागले. मग 1978 मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेड्यातल्या बाजारात काय मिळतं? काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी. नळीच्या तुकड्यात दोन बाजूंनी दोन काड्या घातल्या की झाला जोड. त्याचा चौकोन केला तर तो डुगडुगतो, त्रिकोण केला तर घट्ट उभा राहतो. ओळखलंत? आपण ज्याची गणितं करून वैतागलो तो ट्रस! त्यांनी तो पोरांच्या हातात दिला. पुढे पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रातही टाकाऊतून वैज्ञानिक खेळणी बनवण्याचं हेच काम चालू राहिलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि ज्यांच्या जन्मदिनी, 15 सप्टेंबरला, आपण अभियंता दिन साजरा करतो ते विश्वेश्वरय्या? पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, ते शिकले. 1903 मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. तेच विश्वेश्वरय्या 1912 ते 1918 म्हैसूरचे दिवाण होते. त्या काळात तिथे बँक निघाली, विद्यापीठ निघालं. सिव्हिल इंजिनिअरने राज्यकारभार केला, तेव्हा त्यांची पदवी वाया गेली असं कुणी म्हणालं नसेल.

तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं. मान्य. म्हणून आता आपल्या पातळीवर येऊ. आपल्या दप्तरात नेमकं काय आहे?

एक : आधी मोजायचं, मग मत द्यायचं

माझ्या नव्या कामातली दुसरीच शाळा. दुपारच्या सुट्टीत नळाला पाणी नसायचं. सगळ्यांचं एकमत, "टाकी लहान पडते, मोठी द्या." गावात वीज संध्याकाळी यायची, तेव्हा हजार लिटरची टाकी भरली जायची. मी संध्याकाळी टाकीत काठी बुडवून खूण केली. रात्री शाळेत कुणीच नव्हतं. सकाळी परत काठी बुडवली. पाव टाकी गायब! शौचालयाच्या मागच्या नळाचा वायसर झिजला होता आणि पाणी भिंतीआडच्या गवतात जात होतं, म्हणून कुणाला दिसत नव्हतं. नवी टाकी घेतली असती तर तीही गळत राहिली असती. वायसर बदलला, दुपारचं पाणी आलं.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हाताला फोड आणले होते ना? जॉब मापात आहे की नाही हे सरांच्या मूडवर ठरत नव्हतं, व्हर्निअर सांगत होता. ती सवय बँकेत, दवाखान्यात, पेपरच्या ऑफिसात, पंचायतीत, कुठेही चालते. चारजण ठामपणे बोलत असताना "थांबा, एकदा मोजून बघू" म्हणणारा माणूस सगळ्यांना हवा असतो.

दोन : बिघाड अर्ध्यावर आणायचा

कॉम्प्युटरवाले डीबगिंग करताना काय करतात? अर्धा कोड बंद करून बघतात, चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते. इलेक्ट्रिकलवाला आधी सप्लाय येतोय का ते तपासतो, मग मध्येच कुठेतरी टेस्टर लावतो. ही पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की हे कौशल्य आहे असं आपल्याला वाटतच नाही. पण एखाद्या क्लासला ॲडमिशन का येत नाहीत, हा प्रश्नही असाच सोडवता येतो. लोकांना क्लासबद्दल कळतच नाही, का कळतं पण फोन करत नाहीत, का फोन करतात पण येत नाहीत? साखळी कुठे तुटते ते सापडलं की अर्धं काम झालं. बाकीचे तोवर जाहिरातीच्या रंगावर भांडत असतात.

तीन : काय बिघडेल ते आधीच लिहायचं

ऑटोमोबाइलवाल्यांना एफएमईए माहीत असेल. प्रत्येक संभाव्य बिघाडाला तीन आकडे द्यायचे, 1 ते 10 मध्ये. परिणाम किती गंभीर, घडण्याची शक्यता किती आणि आधी लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार करायचा. मोठा आकडा आला तिथे आधी हात घालायचा.

आता हे कॉलेजच्या गॅदरिंगला लावून बघा. पाहुणे उशिरा येणं : परिणाम 4, शक्यता 9, आधी कळण्यातली अडचण 2, कारण फोन करून कळतं. गुणाकार 72. ऐन नाटकात लाइट जाणं : 9, 4 आणि 8. गुणाकार 288. म्हणजे पाहुण्यांना दहा फोन करण्यापेक्षा एकाने जनरेटरमध्ये डिझेल आहे का ते बघून यावं. आकडे आपणच अंदाजाने देतो, त्यामुळे ते काही ब्रह्मवाक्य नव्हे. पण त्यानिमित्ताने दहाजण एका जागी बसून विचार करतात, हा खरा फायदा. लग्न असो, आरोग्य शिबिर असो की निवडणुकीची ड्युटी, सगळीकडे हे चालतं.

चार : दुसऱ्याला वाचता येईल असं लिहायचं

ड्रॉइंगच्या शीटला आपण किती शिव्या घातल्या! जीटी मारून शीट पूर्ण करणारेही आपणच. पण ड्रॉइंग म्हणजे काय? ज्याने आपल्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाला, आपण तिथे नसताना, तीच वस्तू तशीच बनवता आली पाहिजे. जर्नलमधला 'प्रोसिजर'चा मथळाही त्याचसाठी होता. नव्या ठिकाणी मी पहिल्या महिन्यात एकच काम नीट केलं. टाकी कशी साफ करायची याचा एक पानी चित्रांचा कागद. शाळेतल्या मदतनीस ताईंना तो मला न विचारता वापरता आला, तेव्हा मला ड्रॉइंगच्या पेपरात मिळाला नव्हता एवढा आनंद झाला.

आणि जे सोबत येत नाही ते?

इथे प्रामाणिक राहायला हवं. इंजिनिअर म्हणून काही वाईट सवयीही आपण घेऊन जातो. सगळ्यात वाईट म्हणजे 'मला सिस्टिम कळते' हा तोरा.

सुरुवातीलाच मी शाळांसाठी 42 रकान्यांचा तक्ता बनवला. रोज भरायचा. मला तो इतका आवडला होता की मी रंगही दिले होते. महिन्याने तक्ते आले. सगळ्या शाळांत, सगळ्या रकान्यांत, 'होय'. नळ चालू? होय. साबण आहे? होय. प्रत्यक्ष गेले तर दोन ठिकाणी नळाला तोटीच नव्हती.

मला राग आला. मग एका गुरुजींनी चहा पाजून समजावलं, "मॅडम, तुमचा कागद तपासणीसारखा दिसतो. 'नाही' लिहिलं तर उद्या आम्हालाच विचारणा होईल, असं वाटतं."

आणि मला एकदम कंपनीतला लाल डबा आठवला. रिजेक्ट पीस लाल डब्यात टाकायचे, असा नियम. पण रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये ऑपरेटरला बोलणी बसायची. मग पीस लाल डब्याऐवजी टेबलाखाली जायचे. मला हे माहीत होतं! काकांना मी शेजारी बसून, वही मिटून विचारलं होतं, म्हणून तर ते बोलले होते. नवीन कामात मात्र मी तेच विसरले आणि तक्ता घेऊन गेले.

धातू किती प्रसरण पावेल याचं सूत्र आहे, माणूस काय लपवेल याचं नाही. शेवटी तक्ता पाच रकान्यांचा झाला आणि त्यातला पहिला रकाना होता, 'तुम्हाला आमच्याकडून काय हवं?' मग 'नाही' यायला लागले. खरे 'नाही'.

म्हणून दुसऱ्या क्षेत्रात जाताना एवढं गृहीत धरा. पद्धत आपल्याकडे आहे, विषय त्यांच्याकडे आहे. शिक्षक, शेतकरी, नर्स, वकील यांनी वर्षानुवर्षं जे बघितलंय ते आपल्याला सहा महिन्यांत कळणार नाही. तिथे आपण पुन्हा फर्स्ट इयरलाच असतो.

सीव्हीचं भाषांतर

आता कामाची गोष्ट. आपल्या सीव्हीतल्या ओळी आपल्या ब्रँचच्या बोलीत असतात. समोरच्याला ती बोली येत नाही. त्याचं भाषांतर आपणच करायचं.

'बीई प्रोजेक्ट : सोलर ड्रायरचे डिझाइन व फॅब्रिकेशन' असं लिहिण्याऐवजी : 'चौघांच्या टीमने ठरलेल्या खर्चात कांदा वाळवण्याचं यंत्र बनवलं. पहिलं मॉडेल फसलं, कारण ओलसर हवा बाहेर जात नव्हती. ते शोधून दुसरं बनवलं.' फसल्याचं लपवू नका. त्या ओळीमुळेच तुम्ही खरंच काम केलंय हे कळतं.

'टेक्निकल फेस्टचा को-ऑर्डिनेटर' असं लिहिण्याऐवजी : किती स्पर्धा, किती दिवस, किती पैसे हातात होते, ऐनवेळी काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत.

दर ओळीला स्वतःलाच विचारा, हे माझ्या आजीला कळेल का? कळलं, तर कुठल्याही एचआरला कळेल.

हप्ता, घर आणि गुरुवार

'पॅशन फॉलो करा' असं सांगून मी मोकळी होणार नाही. माझा पगार या बदलात जवळजवळ निम्मा झाला. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहिला. म्हणून नोकरी सोडण्याआधी मी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढले. ज्यांच्या घरी त्यांच्या पगारावर चूल पेटते त्यांना हेही जमेलच असं नाही. त्यांनी थांबून, वेळ घेऊन बदल केला तर त्यात काही कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट केली. आमची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी शाळा चालू असतात. चार महिने मी गुरुवारी संस्थेबरोबर शाळांत जात होते. फुकट. तिथे कळलं की या कामात चिखल आहे, एसटीची वाट बघणं आहे, सरकारी पत्रांचा पाठपुरावा आहे. तरी शुक्रवारी कंपनीत जाताना पुढच्या गुरुवारची वाट बघावीशी वाटायची. हे कळल्याशिवाय उडी मारू नका. कंटाळा आला म्हणून पळणं वेगळं आणि कुठे जायचंय ते बघून निघणं वेगळं.

तुम्ही अजून कॉलेजात आहात, तर तुमच्याकडे असे भरपूर गुरुवार आहेत. पीएल संपली, ओरल झाल्या की सुट्टीत पंधरा दिवस एखाद्या शेतमाल कंपनीत, वाचनालयात, नाटकाच्या बॅकस्टेजला, दवाखान्याच्या ऑफिसात घालवा. आणि एक वही करा. तुम्ही स्वतः सोडवलेले प्रश्न त्यात लिहा, पहिल्यापासून. काय दिसलं, काय वाटलं, काय मोजलं, कुठे चुकलं, कुणी मदत केली. प्रश्न बारीक असला तरी चालेल, हॉस्टेलच्या गीझरचा असला तरी चालेल. महिन्याला एक. डिग्री हातात पडेल तेव्हा वहीत वीसेक गोष्टी असतील. पुढे कुठेही जा, इंटरव्ह्यूत कुणी 'एक प्रॉब्लेम सांगा' म्हटलं तर तुम्ही माझ्यासारखे पुटपुटणार नाही.

आईला मी ती रात्रीच्या काठीची आणि पाव टाकीची गोष्ट सांगितली. सीएनसी, क्वालिटी वगैरे काही न बोलता. तिने शांतपणे ऐकलं. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय करते हल्ली तुमची मुलगी?" मी आतल्या खोलीतून ऐकत होते.

आई म्हणाली, "इंजिनिअर आहे. पाणी कुठे गळतं ते शोधते."